बचत गटाचं कर्ज अडतं कुठे? या चुका टाळा

‘ताई, वर्ष झालं गट काढून, बचत कधी चुकली नाही, तरी बँकेत फाइल पडून आहे.’ उमेदच्या (राज्याचं ग्रामीण जीवनोन्नती अभियान) किंवा माविमच्या (महिला आर्थिक विकास महामंडळ) कोणत्याही गटात जाऊन बसा, ही तक्रार ऐकू येतेच. माविम १९७५ पासून आहे, उमेद अभियान २०११ पासून. सरकारी पैसा, गावातल्या बायकांचा गट, त्यावर ग्रामसंघ (गावातल्या गटांचा संघ), त्यावर प्रभागसंघ (अशा ग्रामसंघांचा संघ) आणि शेजारी बँक अशी ही साखळी. तिची कुठलीही कडी अडकली तरी फटका गटालाच बसतो. तरी माझं मत विचाराल तर आधी वही उघडा, मग बँकेला नावं ठेवा.

वही एका बैठकीत लिहिणं

बँकेच्या साहेबाला सहा महिन्यांचा चालू गट लागतो. हे सहा महिने खातं उघडल्याच्या तारखेपासून मोजायचे नसून गटाच्या हिशेबाच्या वह्यांवरून मोजायचे, असं रिझर्व्ह बँकेच्या सूचनांतच आहे. म्हणजे इतिवृत्त (बैठकीची नोंद), बचत-कर्ज खतावणी (प्रत्येकीच्या खात्याची वही) आणि रोकडवही हाच तुमचा पुरावा. आणि नेमकं तिथेच कर्ज मागायच्या आदल्या रात्री काम उरकलेलं दिसतं: मार्च ते ऑगस्ट सगळ्या बैठका एकाच निळ्या पेनाने, एकाच हाताने, हजेरीला बाराच्या बारा जणी, पेरणीच्या आठवड्यातसुद्धा! शाखेत रोज वह्या पाहणाऱ्या माणसाला हे ओळखायला मिनिट लागत नाही.

पेरणीत बैठक झाली नसेल तर तसंच लिहा. खाडा दिसलेला चालतो, बनाव चालत नाही. मागचं राहिलं असेल तर सभासदांची पासबुकं आणि बँकेचं पासबुक समोर ठेवून रकमा जुळवा, आणि ‘अमुक महिन्यांच्या नोंदी आज पासबुकांवरून घेतल्या’ असा ठराव आजच्या तारखेला करा. जुनी तारीख टाकायची नाही. सीआरपी ताईकडून (गावातली अभियानाची कार्यकर्ती) एकदा तपासून घ्या, पण तिच्याकडून लिहून घेऊ नका. लिहिणारी पोरगी सासरी गेली की गट आंधळा होतो, तेव्हा निदान दोघींना खतावणी जमली पाहिजे.

फिरता निधी वाटून टाकणं

राज्याने २०२३ मध्ये फिरता निधी, म्हणजे गटाला आपसात फिरवायला मिळणारी सरकारी रक्कम, १५ हजारांवरून ३० हजार केला. तो सरकारला परत करायचा नसतो, म्हणून गटात लगेच वाटणीची भाषा सुरू होते. वाटला तर प्रत्येकीच्या हातात अडीच-तीन हजार येतात आणि किराण्यात जातात. गटात ठेवला तर तो कॉर्पस, म्हणजे गटाच्या एकूण निधीत धरला जातो. बँकेच्या पहिल्या कर्जाचं गणित पाहा: एकूण निधीच्या सहापट किंवा किमान दीड लाख, यातलं जे जास्त ते. बारा जणींची दरमहा शंभर रुपये बचत सहा महिन्यांत ७,२०० होते. त्यात ३० हजार मिळवले की ३७,२००, आणि सहापट म्हणजे २ लाख २३ हजारांच्या वर. निधी वाटून टाकला तर तुम्ही दीड लाखावरच.

याच्या उलटी चूक समुदाय गुंतवणूक निधीत होते. तो ग्रामसंघाकडून किंवा प्रभागसंघाकडून कर्ज म्हणून येतो आणि व्याजासह परत करायचा असतो. ‘सरकारचेच पैसे आहेत’ म्हणून थांबलात तर शेजारच्या गटाचा नंबर अडतो, आणि पुढच्या वेळी ग्रामसंघात तुमचं नाव निघालं की खुर्च्या सरकतात.

कर्जाचं समान वाटप

मला सर्वांत जास्त खटकणारी चूक ही. दीड लाख आले, बारा जणी, प्रत्येकी साडेबारा हजार. भांडण नको म्हणून सगळ्यांना सोयीचं. पण शिलाई मशीन घेणारीला तेवढे पुरत नाहीत, आणि जिला काहीच करायचं नाही तिचे पैसे नवऱ्याच्या जुन्या उधारीत जातात. हप्ता मात्र दोघींना सारखाच. सूक्ष्म पत आराखडा यासाठीच असतो: कोणाला, कशासाठी, किती, आणि महिन्याला किती फेडता येईल. तो दुसऱ्या गटाचा नावं बदलून उतरवू नका. शेळीवाल्या बाईला पहिल्या महिन्यापासून हप्ता झेपणार नाही, दूधवालीला झेपेल. बैठकीत हे बोलताना आवाज चढतात, चढू द्या.

बँकेने सांगितलं ते सगळं मान्य करणं

आता बँकेची बाजू. दहा लाखांपर्यंतच्या गटकर्जाला तारण नाही, मार्जिन (स्वतःच्या पैशाचा हिस्सा) नाही, बचत खात्यावर बोजा नाही आणि ठेव ठेवण्याची सक्ती नाही. तरी ‘बचत काढता येणार नाही’ असं काउंटरवर सांगितलं जातं. एखाद्या सभासदाचं किंवा तिच्या घरच्यांचं कर्ज थकलंय म्हणून अख्खा गट नाकारणंही सहसा बरोबर नाही. गट स्वतः थकबाकीदार नसावा आणि गटकर्जातून त्या थकबाकीदार बाईला पैसे देऊ नयेत, एवढंच. बचत खातं उघडताना पदाधिकाऱ्यांची केवायसी पुरते, सगळ्यांची मागितली तर सांगा. कर्जाच्या वेळी मात्र सगळ्यांची लागू शकते.

भांडू नका, नकाराचं कारण लेखी मागा. बहुतेकदा तेवढ्याने काम होतं. नाही झालं तर बँक सखीला (शाखेत गटांना मदत करणारी ताई) आणि तालुका अभियान कक्षाला (उमेदचं तालुक्याचं कार्यालय) सांगा, बँकेकडे लेखी तक्रार करा. तीस दिवसांत उत्तर आलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं.

मायक्रोफायनान्सला बचत गट समजणं

गावात दोन्हीला ‘गटाचं कर्ज’च म्हणतात. मायक्रोफायनान्स म्हणजे छोटी कर्जं देणाऱ्या कंपनीच्या गटात बचत नसते, निधी नसतो. पाच-दहा जणी एकमेकींना जामीन असतात आणि वसुलीवाला ठरल्या दिवशी दारात येतो. एक फेडायला दुसरं घेतलं की घोळ सुरू. कुटुंबाच्या सगळ्या कर्जांचे हप्ते मासिक उत्पन्नाच्या निम्म्यापलीकडे जाऊ नयेत, हा कर्ज देणाऱ्यांसाठी २०२२ पासूनचा नियम आहे. घरी बसून तेवढी बेरीज तुम्हीच करा आणि मगच सही करा.

मालाच्या विक्रीचा विषय मोठा आहे, इथे दोनच गोष्टी. गावातल्या तिन्ही गटांनी पापडच लाटले तर ते घेणार कोण? आणि महालक्ष्मी सरस या गटांच्या मालाच्या प्रदर्शनात स्टॉल मिळावा असं वाटत असेल तर वजन, बनवल्याची तारीख, वापराची मुदत आणि एफएसएसएआय (अन्न सुरक्षा) नोंदणी क्रमांक असलेलं लेबल आधी तयार ठेवा, स्टॉल मिळाल्यावर नव्हे.

बँक खात्यावरच्या सह्यांचं तेवढं राहिलं. सचिव गाव सोडून गेली तर पुढच्याच बैठकीत नवीन निवडीचा ठराव करा आणि त्याची प्रत, फोटो, कागदपत्रं बँकेत देऊन पोच घ्या. दोन वर्षं व्यवहार झाला नाही तर खातं निष्क्रिय होतं, आणि मग ते चालू करायला पुन्हा केवायसी आलीच.