पहिल्या मीटिंगला जाण्याआधी

दारू सोडायला एकमेकांना मदत करणाऱ्यांच्या ग्रुपमध्ये जायचं ठरवलंत, तर आधी डॉक्टर, मग मीटिंग. रोज आणि भरपूर पिणाऱ्या माणसाने एका रात्रीत दारू तोडली, तर 6 ते 24 तासांत हात थरथरायला लागतात, घाम फुटतो, झोप उडते. काहींना पहिल्या दोन दिवसांत फिट येते. त्यानंतर भास होऊ लागले, कुठे आहोत याचं भान सुटलं, तर जिवावर बेतू शकतं. निर्धार पक्का असला म्हणून हे टळत नाही. म्हणून किती पिता तो आकडा डॉक्टरांना खरा सांगा (आपण सगळे तो निम्मा करूनच सांगतो), आणि पूर्वी सोडताना फिट आली असेल तर ती गोष्ट पहिल्याच वाक्यात सांगा.

मग ग्रुप शोधायचा. जुनं आणि जवळपास सापडण्याची सर्वांत जास्त शक्यता असलेलं नाव म्हणजे अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस, म्हणजेच एए. 1935 साली अमेरिकेतल्या ॲक्रन शहरात शेअर बाजारात काम केलेले बिल विल्सन आणि सर्जन बॉब स्मिथ हे दोन दारुडे भेटले, आणि एकमेकांशी बोलत राहिल्याने पिणं टळतं हे त्यांच्या लक्षात आलं. मूळ कल्पना आजही तेवढीच आहे. सदस्य व्हायला एकच अट : दारू सोडायची इच्छा. फी नाही. मीटिंगमध्ये वर्गणीची पिशवी फिरते, तिच्यात काही टाकलंच पाहिजे असं नाही. दारूपासून दूर राहण्यासाठी तिथे ज्या बारा पायऱ्या सांगतात, त्यांमध्ये ईश्वराचा, उच्च शक्तीचा उल्लेख येतो. तो खटकत असेल तर 1994 साली सुरू झालेली स्मार्ट रिकव्हरी पाहा. तिथे विचार आणि सवयी बदलण्याच्या मानसशास्त्रीय पद्धतींवर भर असतो. माझं मत विचाराल तर या निवडीवर आठवडा घालवू नका. जी मीटिंग लवकरात लवकर आहे, तिला जा.

जाण्याआधी त्या ग्रुपच्या हेल्पलाइनला फोन करून दोन गोष्टी विचारा. पहिली, वेळ आणि जागा तीच आहे ना, कारण याद्या जुन्या होतात. दुसरी, मीटिंग ओपन आहे की क्लोज्ड. ओपन मीटिंगला घरचे किंवा मित्र सोबत येऊ शकतात, क्लोज्डला फक्त ज्यांना स्वतःची दारू सोडायची आहे ते. जमल्यास तिसरी विनंतीही करा : दारापाशी कुणी भेटेल का? ती करायला लाज वाटते, पण कराच.

कारण खरी अडचण दाराचीच असते. मीटिंग बहुतेकदा भाड्याच्या खोलीत भरते, पाटी असली तर छोटीशी. मी पहिल्या दिवशी त्या पाटीसमोर वीस मिनिटं उभा होतो, फोन कानाला लावून. पलीकडे कुणीच नव्हतं. मधूनमधून ‘हो, हो, बघतो’ म्हणत होतो. तेव्हा आदल्या दिवशीच जाऊन मजला, जिना, दार पाहून या, आणि मीटिंगच्या दिवशी दहा मिनिटं आधी पोचा. लवकर आलेल्या माणसाला खुर्च्या मांडायला लावतात. हातांना काम मिळतं, तेवढंच बरं.

त्या दिवशी पिऊ नका. पण प्यायलाच असाल तर ‘आता उद्या बघू’ म्हणून घरी बसू नका. स्वतः गाडी न चालवता जा आणि गप्प बसून ऐका.

एक वाक्य पाठ करून ठेवा : ‘मी पहिल्यांदाच आलोय, आज फक्त ऐकतो.’ नाव विचारलं तर पहिलं नाव पुरे. स्वतःला मद्यपी म्हणवून घेण्याची सक्ती नसते. एएच्या मीटिंगमध्ये तुम्ही बोललातच, तर सहसा कुणी उत्तर देणार नाही, सल्लाही नाही. पुढचा माणूस स्वतःचं सांगायला लागेल. मला तेव्हा वाटलं, यांना माझं काही पटलेलं दिसत नाही. पण तो तिथला रिवाज आहे, मधे बोलायचं नाही. ऐकलेलं बाहेर कुणाला सांगायचं नाही, हा दुसरा.

मीटिंग संपल्यावर लगेच सटकू नका. दोन-तीन जणांचे नंबर घ्या आणि त्यातल्या एकाला दुसऱ्याच दिवशी, काही कारण नसताना फोन करा. एकदा तो संकोच मोडला की तलफ आली त्या वेळी नंबर दाबता येतो. स्पॉन्सर, म्हणजे पायऱ्यांमधून हात धरून नेणारा जुना सदस्य, पहिल्या दिवशीच ठरवायची घाई नको. आणि कुणी उसने पैसे मागितले, नको तितकी जवळीक केली किंवा डॉक्टरांच्या गोळ्या बंद करायला सांगितल्या, तर त्या माणसापासून लांब राहा. सदस्यांनी डॉक्टर होऊ नये, हे एएच्या स्वतःच्या साहित्यातच लिहिलंय. एक ग्रुप नाही रुचला तर दुसरा पाहा. तीन-चार वेगवेगळ्या मीटिंगांना बसल्याशिवाय ‘हे आपल्यासाठी नाही’ असं म्हणू नका.

घरच्यांना कुठे जाताय ते सांगा, शपथा मात्र घेऊ नका. त्यांनी त्या इतक्या ऐकल्यात की आता ते नुसती मान हलवतात. त्यांच्यासाठी 1951 पासून अल-ॲनॉन हा वेगळा ग्रुप आहे. तुम्ही सोडा न सोडा, ते तिथे जाऊ शकतात.

परतीचा रस्ता मात्र निघण्याआधीच ठरवून ठेवा, नेहमीचं दुकान टाळणारा, लांबचा असला तरी. संध्याकाळची मीटिंग सुटते ती नेमकी आपल्या जुन्या वेळेला.