ट्रॅकसाठी कॉइलओव्हर घेताय? या चुका टाळा

गोव्यात कायमस्वरूपी रेस सर्किट नाही. इथल्या माणसाला गाडी ट्रॅकवर घालायची तर बहुधा कोईमतूरचा करी मोटर स्पीडवे, नाहीतर चेन्नईजवळचं इरुंगट्टुकोट्टई गाठावं लागतं. एका बाजूचा रस्ताच आठशे-नऊशे किलोमीटरचा. ट्रेलर फार थोड्यांना परवडतो. बाकीचे आपण तीच गाडी चालवत नेतो, दिवसभर ट्रॅकवर पिळतो आणि तीच चालवत परत आणतो. वाटेत चोर्ला किंवा अनमोडचा घाट असतो, गावागावांतले गतिरोधक असतात आणि पावसाळ्यानंतर गेलात तर खड्डे असतातच. म्हणून परदेशातल्या, ट्रेलरवरून नेल्या जाणाऱ्या गाडीचा सेटअप पाहून इथे कॉइलओव्हरचा, म्हणजे उंची कमी-जास्त करता येणाऱ्या स्प्रिंग आणि शॉकअपचा, सेट मागवला की फसायला होतं.

माझं म्हणणं एवढंच आहे की पैसे ट्रॅव्हलवर, म्हणजे शॉकअपच्या दबण्या-लोंबण्याच्या जागेवर, आणि डॅम्पिंगवर, म्हणजे स्प्रिंगचं नाचणं आवरण्याच्या ताकदीवर घाला. गाडी किती खाली बसली पाहिजे हा प्रश्न सगळ्यात शेवटी येतो, आणि आपल्याकडे तो सगळ्यात आधी विचारला जातो.

पहिली चूक: फोटो बघून उंची ठरवणं

पोलो, स्विफ्ट, आय२० या सगळ्या गाड्यांना पुढे मॅकफर्सन स्ट्रट, म्हणजे स्प्रिंग आणि शॉकअप एकत्र असलेला उभा खांब, असतो. गाडी थोडी खाली आणली तर गुरुत्वमध्य खाली येतो, वजन कमी झुकतं, फायदाच आहे. पण एका मर्यादेनंतर लोअर आर्मचं, म्हणजे चाकाला बॉडीशी जोडणाऱ्या खालच्या दांड्याचं, चाकाकडचं टोक आतल्या टोकापेक्षा वर जातं. मग रोल सेंटर, म्हणजे गाडी ज्या बिंदूभोवती कुशीवर झुकते तो, गुरुत्वमध्यापेक्षा जास्त वेगाने खाली घसरतो. गाडी दिसते खाली, पण वळणावर झुकायची तिची ओढ उलट वाढते. शिवाय स्ट्रट दबताना कॅम्बर, म्हणजे चाकाचा आत-बाहेर कलण्याचा कोन, हवा तसा मिळत नाही आणि स्टीअरिंगच्या टाय रॉडचा कोन बिघडल्यामुळे खड्ड्यात स्टीअरिंग आपोआप हलतं. गाडी सपाट जागेवर उभी करा आणि बाजूने वाकून लोअर आर्म बघा. तो जमिनीला साधारण समांतर असेल तिथेच थांबावं. त्याखाली जायचंच असेल तर लांब दांड्याचे बॉल जॉइंट, म्हणजे रोल सेंटर ॲडजस्टर, लागतात. तो खर्च वेगळा.

दुसरा मुद्दा ट्रॅव्हलचा. बऱ्याच स्वस्त सेटमध्ये उंची कमी करायला स्प्रिंगखालची कॉलरच खाली आणतात. प्रत्येक मिलिमीटर उंची थेट शॉकअपच्या दबण्याच्या जागेतून वजा होते. मग गाडी उभी असतानाच बम्प स्टॉपपासून, म्हणजे शॉकअपचं दबणं अडवणाऱ्या रबरापासून, बोटभर अंतरावर असते आणि पहिल्या जोरदार वळणात त्यावर जाऊन बसते. बम्प स्टॉप लागला की त्या चाकाची स्प्रिंग एका क्षणात कितीतरी पट कडक होते आणि पुढचं टायर पकड सोडतं. चालवणाऱ्याला वाटतं की गाडी अंडरस्टीअर करते, म्हणजे स्टीअरिंग फिरवूनही हवी तेवढी वळत नाही, पुढची स्प्रिंग आणखी कडक हवी किंवा टायर बदलायला हवेत. मुळात दुखणं ट्रॅव्हलचं असतं.

हे तपासायला दहा रुपयांचा केबल टाय पुरतो. पुढचं चाक काढा, शॉकअपच्या चकचकीत रॉडवर केबल टाय आवळा, पण बोटाने सरकेल इतकाच. चाक लावा, गाडी खाली घ्या आणि केबल टाय शॉकअपच्या रॉडवरून खाली ढकलून शॉकअपच्या तोंडाला टेकवा. आता चार-पाच लॅप मारा, किंवा ट्रॅक जवळ नसेल तर चोर्ल्याच्या रस्त्यावर वेगमर्यादेत एक फेरी करा. परत येऊन बघा, केबल टाय शॉकअपच्या रॉडवर जिथे वर सरकून थांबला असेल तिथपर्यंत शॉकअप दबला होता. टाय बम्प स्टॉपच्या रबरात रुतलेला दिसला तर गाडी वर घ्या, किंवा स्प्रिंग बदला. उलटा बसवलेला स्ट्रट असेल तर रॉड आत झाकलेला असतो, तिथे ही युक्ती चालत नाही.

म्हणून सेट निवडतानाच विचारा की उंची खालच्या ब्रॅकेटने बदलते की स्प्रिंगच्या कॉलरने. ब्रॅकेटने बदलत असेल तर ट्रॅव्हल तसाच राहतो. माझ्या मते ट्रॅकसाठी हा फरक ब्रँडच्या नावापेक्षा मोठा आहे.

स्प्रिंगचा आकडा आणि त्यामागचं गणित

‘पुढे ८, मागे ६’ असं कुणीतरी सांगतो आणि लोक तेच मागवतात. हे किलो प्रति मिलिमीटर असतं, पण स्प्रिंगचा आकडा चाकापर्यंत जसाच्या तसा पोचत नाही. स्प्रिंग आणि चाक यांच्या हालचालीचं प्रमाण, म्हणजे मोशन रेशो, मध्ये येतं, आणि त्याचा वर्ग करून गुणायचं असतं. मॅकफर्सन स्ट्रटवर ते साधारण ०.९५ धरायला हरकत नाही.

समजा तुमच्या हॅचबॅकच्या पुढच्या ॲक्सलवर ड्रायव्हरसकट ६२० किलो आहेत. एका चाकावर ३१० आले. चाक, ब्रेक, हब वगैरेचे ३५ किलो वजा करा, स्प्रिंगवर राहिले २७५. मूळ स्प्रिंग २.२ किलोची असेल तर गाडीची नैसर्गिक लय साधारण १.३ हर्ट्झ येते, म्हणजे घरची आरामशीर गाडी. ६ किलोची स्प्रिंग टाकली की ती २.२ हर्ट्झच्या आसपास जाते. एअरोडायनॅमिक पंख नसलेल्या, रस्त्यावरच्याच चांगल्या टायरवर ट्रॅकला जाणाऱ्या गाडीला २ ते २.५ हर्ट्झ पुरतात. त्यापुढे १० किंवा १२ किलोची स्प्रिंग म्हणजे स्लिक, बिननक्षीच्या रेसिंग टायरचं काम. साध्या टायरवर ती खडबडीत जागी चाक उडवते, आणि चाक हवेत असताना पकड नसते.

याच हिशेबातून आणखी एक गोष्ट दिसते. २.२ किलोच्या स्प्रिंगवर गाडीचं स्वतःचं वजनच चाकाला सुमारे १४० मिलिमीटर दाबतं, ६ किलोच्या स्प्रिंगवर फक्त ५० च्या आसपास. याचे दोन अर्थ आहेत. कडक स्प्रिंगला दबायला जागा कमी लागते, म्हणून ती थोडी खाली बसवता येते. मऊ स्प्रिंग ठेवून गाडी खूप खाली आणणं ही सगळ्यात वाईट जोडी. आणि दुसरं, कडक स्प्रिंगवर चाक ५० मिलिमीटर खाली लोंबकळलं की स्प्रिंग सैल होते. खोल खड्ड्यात, किंवा वळणावर आतल्या बाजूचं चाक उचललं जाताना, ती आपल्या खोबणीत कडकडते. त्यासाठी वर एक बारीक हेल्पर स्प्रिंग हवी. ट्रॅकवर जायला रस्त्यावरून प्रवास करणाऱ्या आपल्या गाड्यांना ती नक्की असावी.

मागची बाजू वेगळी आहे. अशा बहुतेक हॅचबॅकना मागे टॉर्शन बीम, म्हणजे दोन्ही मागच्या चाकांना जोडणारा एकच आडवा दांडा, असतो, त्यात स्प्रिंग आणि शॉकअप वेगवेगळ्या जागी बसतात. स्प्रिंग चाकाच्या पुढे, आर्म बॉडीला जोडलेला असतो तिथून चाकापर्यंतच्या पाऊण अंतरावर असेल तर रेशो ०.७५ होतो, वर्ग ०.५६. म्हणजे मागे ८ किलोची स्प्रिंग टाकली तरी चाकाला साडेचारच मिळतात. पुढच्यापेक्षा मागचा आकडा मोठा दिसला म्हणून दचकू नका, आधी रेशो काढा. पुढच्या चाकांनी ओढणाऱ्या गाडीला मागे थोडं कडक ठेवलं की ती वळायला तयार होते, हे खरं आहे. पण हीच गाडी तुम्ही जुलैच्या पावसात घाटातून घरी आणणार आहात. ओल्या वळणात पाय अचानक ॲक्सिलरेटरवरून काढला की मागची बाजू सुटू शकते. म्हणून मागची स्प्रिंग एकेक पायरीनेच वाढवा.

फक्त स्प्रिंग बदलून मूळ शॉकअप ठेवणं

पैसे वाचवायला हे करतात. वरच्या उदाहरणात स्प्रिंग २.७ पट कडक झाली, तर तिला आवरायला डॅम्पिंग त्याच्या वर्गमुळाच्या पटीत, म्हणजे साधारण १.६५ पट लागतं. मूळ शॉकअप तेवढं देऊ शकत नाही. गाडी प्रत्येक उंचवट्यानंतर नाचत राहते आणि काही लॅपनंतर तेल तापलं की आणखीच ढिली पडते. सेट घेताना विक्रेत्याकडे शॉकअपचा डायनो ग्राफ, म्हणजे कोणत्या वेगाला तो किती जोर देतो याचा आलेख, मागा, आणि त्या व्हॉल्व्हिंगवर, म्हणजे आतल्या झडपांच्या जुळणीवर, कोणत्या रेंजची स्प्रिंग चालते ते विचारा. ज्याच्याकडे उत्तर नसेल त्याच्याकडून घेऊ नका. रीबिल्ड कुठे होतो, सील आणि रॉड सुटे मिळतात का, हेही आधीच ठरवा. सीलबंद ट्विन-ट्यूब प्रकारात तेल गळालं की पूर्ण शॉकअपच बदलावा लागतो.

क्लिक फिरवून सगळं सुटेल असं समजणं

डॅम्पिंग बदलणाऱ्या नॉबला बत्तीस क्लिक असले म्हणजे बत्तीस सेटअप असतात असं नाही. एकाच नॉबच्या सेटमध्ये तो मुख्यतः रिबाउंड, म्हणजे शॉकअप परत लांबतानाचा अडथळा, बदलतो, थोडंफार कॉम्प्रेशन, म्हणजे दबतानाचा अडथळाही. आधी नॉब पूर्ण बंद करून तिथून उलटे क्लिक मोजा, दोन्ही बाजू सारख्या ठेवा, आणि वहीत लिहा.

डॅम्पर, म्हणजे शॉकअप, काम करतो तो बदलाच्या क्षणी: ब्रेक सोडताना, स्टीअरिंग वळवताना, गाडी एका कुशीवरून दुसऱ्या कुशीवर जाताना. तक्रार तिथली असेल तर क्लिक फिरवा. लांब वळणाच्या मध्यावर, गाडी एकदा स्थिर झाल्यावर, ती बाहेर सरकत असेल तर क्लिकने फारसं काही होणार नाही. तिथे टायरचं गरम प्रेशर, कॅम्बर, स्प्रिंग, अँटी-रोल बार (गाडीचं झुकणं कमी करणारा, दोन्ही बाजूंना जोडणारा बार) आणि बम्प स्टॉप बघायचे असतात. नॉबला हात लावण्याआधी प्रेशर गेज काढा, निम्म्या तक्रारी तिथेच मिटतात. रिबाउंड खूप कडक केलं तर लागोपाठच्या उंचवट्यांवर चाकाला परत खाली यायला वेळच मिळत नाही आणि गाडी हळूहळू खाली ओढली जाऊन बम्प स्टॉपवर येते. लक्षण परत तेच, अंडरस्टीअर.

प्रीलोड आवळला म्हणजे गाडी कडक झाली?

नाही. सरळ, लिनिअर स्प्रिंगचा कडकपणा प्रीलोडने, म्हणजे कॉलर आवळून स्प्रिंग आधीच दाबून ठेवल्याने, बदलत नाही. त्याने शॉकअपची उभी स्थिती बदलते, म्हणजे दबायला किती जागा आणि लोंबायला किती, याची वाटणी बदलते. भरमसाट आवळला तर लोंबायला काहीच उरत नाही आणि आतलं चाक चटकन जमीन सोडतं.

बसवताना होणाऱ्या चुका

रॉड पक्कडने धरून वरचा नट फिरवणं हा गुन्हाच समजा. रॉडवर एक ओरखडा पडला की तो सील कापत राहतो आणि तेल गळायला लागतं. आतून ॲलन की धरा आणि हाताच्या पान्याने नट आवळा. इम्पॅक्ट गनने रॉड गरगर फिरतो, म्हणून ती इथे वापरू नका.

लोअर आर्मचे बुश, म्हणजे सांध्यातली रबरं, गाडी लिफ्टवर, चाकं लोंबत असताना घट्ट केले तर गाडी खाली आली की रबर कायमचं पिळलेलं राहतं आणि लवकर फाटतं. शेवटचं आवळणं गाडी चाकांवर उभी असताना करा. उंची बदलली की अँटी-रोल बारच्या लिंकही तपासा. मूळ लांबीची लिंक बारला वाकडं धरून ठेवते. चारही चाकांचं वजन मोजून उंची लावत असाल तर लिंक सोडून, ड्रायव्हरच्या जागी तेवढं वजन ठेवून आणि ट्रॅकवर नेता तेवढ्या पेट्रोलसह करा.

अलाइनमेंट शेवटी. पुढे ऋण अडीच ते तीन अंश कॅम्बर ट्रॅकवर टायरच्या बाहेरच्या कडेला वाचवतो. रस्त्यावर आतली कड झिजते ती बहुधा चुकीच्या टोमुळे, म्हणजे वरून पाहता चाकं आत किंवा बाहेर तिरकी वळलेली असल्यामुळे, म्हणून घरी परतायच्या प्रवासासाठी टो शून्याजवळ ठेवा.

आवाज आले तर

स्टीअरिंग फिरवताना ‘टंग’ असा आवाज आला तर वरचं बेअरिंग किंवा चुकीची बसलेली स्प्रिंग. लहान खड्ड्यांवर खडखड असेल तर आधी लिंक रॉड, मग वरचा नट. गोलाकार धातूचं माउंट, म्हणजे पिलोबॉल, असेल तर थोडा आवाज असणारच, पण तो वाढत गेला तर आतलं बेअरिंग झिजलंय.

गोव्याची हवा आणि माती

मिरामार, वास्को, कळंगूट अशा किनाऱ्याजवळ राहणाऱ्यांनी हे जास्त मनावर घ्या. खारी हवा आणि साखळी-डिचोलीकडची तांबडी चिकट माती थ्रेडमध्ये बसली की कॉलर जाम होते. ॲल्युमिनियमची कॉलर आणि स्टीलची बॉडी असेल तर दोन धातूंच्या संपर्कात खारट ओलाव्याने गंज आणखी झपाट्याने चढतो. मग हूक पाना लावून जोर केला की कॉलरचे दातच उडतात. स्टेनलेस बॉडीचा सेट मिळत असेल, केडब्ल्यू तसा बनवते, तर किनाऱ्यावरच्या गाडीसाठी जास्तीचे पैसे योग्य आहेत. नाहीतर बसवतानाच थ्रेडवर अँटी-सीझ पेस्ट लावा, कव्हर चढवा, पावसाळ्यात गोड्या पाण्याने आतून धुवा आणि महिन्यातून एकदा प्रत्येक कॉलर सैल करून पुन्हा मूळ खुणेवर आणा. खूण मार्करने करून ठेवा, नाहीतर उंची हातची जाते.

विमा

आपल्याकडच्या नेहमीच्या मोटर पॉलिसीत आयोजित रेसिंग, वेग चाचणी आणि रिलायबिलिटी ट्रायल वगळलेल्या असतात. ट्रॅकवर झालेलं नुकसान त्यातून मिळेल असं गृहीत धरू नका. बदललेलं सस्पेन्शन विमा कंपनीला लेखी कळवा, आणि मूळ शॉकअप, स्प्रिंग, माउंट एका खोक्यात नीट जपून ठेवा. तपासणीच्या वेळी किंवा गाडी विकताना ते लागतात.