आधी रेघ की आधी रंग?

वडोदऱ्याच्या दांडिया बाजारातल्या आमच्या घरी आजी रोज उंबऱ्याशी ठिपक्यांची रांगोळी काढायची आणि शेवटी हळदकुंकवाची चिमूट टाकायची, तीही दोन-चार जागीच. दिवाळीत आत्याची रीत उलटी. संस्कारभारतीची रांगोळी ती, त्यामुळे आधी रंगाचा गालिचा अंथरायचा, मग त्यावर पांढरी रेघ सोडायची. दोन्ही रीती लहानपणापासून बघितल्या, पण कागदावर नक्षी रंगवताना आधी हाच निर्णय घ्यायचा असतो, हे मला फार उशिरा कळलं.

माझी सुरुवात झेंटँगलने झाली. रिक रॉबर्ट्स आणि मारिया थॉमस या अमेरिकेतल्या दोघांनी रूढ केलेली, छोट्या नक्ष्या पुन्हापुन्हा काढत कागद भरायची ही पद्धत: 3.5 इंचांचा चौकोनी कागद, 0.25 मिमीच्या रेघेचं काळं पेन आणि पेन्सिलची सावली. मुळात कृष्णधवल. मला रंगाची घाई झाली. तीन संध्याकाळी बसून जेलपेनाने काढलेल्या मंडलावर, म्हणजे गोल नक्षीवर, मी जलरंगाचा ब्रश फिरवला आणि सगळा काळा पिवळ्यात उतरला. चिखल झाला नुसता. खूप रडले त्या दिवशी.

म्हणून पेन घेताना पिगमेंट शाईचं, वॉटरप्रूफच घ्या. तरीही कागदाच्या तुकड्यावर रेघ ओढून, वाळवून, ओला ब्रश फिरवून बघाच. पावसाळ्यात आपल्या वडोदऱ्याची हवा इतकी दमट असते की मी नक्षी रात्रभर तशीच ठेवते आणि सकाळी रंगवते.

जलरंगाला मला आत्याची रीत मानवली. आधी फिकट रंग पसरायचा, कागद पूर्ण वाळू द्यायचा, मग वर रेघ. काळा रंग असा उठून दिसतो की बघत राहावं! कागद 300 जीएसएमचा (म्हणजे चौरस मीटरला 300 ग्रॅम वजनाचा, जाड) घ्या, पातळ कागद पाण्याने फुगतो. त्यातही हॉट प्रेस्ड, म्हणजे गुळगुळीत, बघा. कोल्ड प्रेस्ड खरखरीत असतो, त्यावर बारीक निब अडखळते आणि लवकर झिजते.

रंगीत पेन्सिलींना मात्र आजीची रीत: आधी रेघ, मग रंग. पेन्सिलीत मेण असतं. ते काळ्या रेघेवर चढलं की रेघ मळकट दिसते, आणि वरून पुन्हा पेन फिरवलं तर निब चोंदते. असं एक चांगलं पेन मी घालवलंय. तेव्हा रेघेच्या केसभर अलीकडे थांबायचं. हात हलका ठेवून दोन-तीन थर द्यायचे. पहिल्याच थराला जोर दिलात तर कागद गुळगुळीत होतो आणि पुढचा थर धरतच नाही.

कोणते रंग, हा प्रश्न नवे लोक सगळ्यात आधी विचारतात. माझ्या मते तीन पुरतात. खरं काम गडद-फिकटाचं आहे. लाल आणि हिरवा शेजारी छान वाटतात, पण मोबाइलवर कृष्णधवल फोटो काढून बघा: दोन्ही सारखेच गडद असतील तर ते एकच राखाडी होतात आणि नक्षी हरवते. एक रंग फिकट करा, किंवा मधली एक पट्टी कोरी सोडा. कोरा कागद हाही रंगच धरा, आजीच्या रांगोळीत लादी असायची तसा.

आणि एक सकाळ तांबेकर वाड्यात घालवा. एकोणिसाव्या शतकातल्या त्या भिंती चित्रांनी गच्च भरल्यात. वही घेऊन एकाच तुकड्यापुढे बसा, गडद कुठे आहे तेवढंच पेन्सिलीने उतरवा. मग घरी येऊन तीच नक्षी दोन कागदांवर काढा, एक आजीच्या रीतीने, एक आत्याच्या.