जुने कपडे अजून स्वस्त पडतात का? घ्यायला निघण्याआधी या चुका टाळा

मागच्या डिसेंबरात नागपुरात बर्डीच्या फुटपाथवरून मी एक काळा लोकरी कोट घेतला. आठशे सांगितले होते, सहाशेला मिळाला. घरी आणून नीट उजेडात पाहिला, तर अस्तर बगलेपासून खिशापर्यंत विरलेलं, दोन बटणं वेगळीच लावलेली आणि डांबरगोळ्यांचा वास इतका की खोलीची खिडकी उघडावी लागली. ड्रायक्लीनिंगचे ३५०, नव्या अस्तराचे शिलाईसकट ४५०, बटणांचे ८०. कोट मला १४८० रुपयांना पडला.

कोट चांगला आहे, मी तो अजून आवडीनं घालते. पण तेव्हापासून "जुनं घेतलं की स्वस्त पडतं" हे मी डोळे झाकून मानत नाही. गेली सात-आठ वर्षं मी जुने कपडे घेते आहे आणि मैत्रिणींसोबत फिरून त्यांनाही घेऊन देते. अजून परवडतं का, असं कुणी विचारलं तर माझं उत्तर आहे: काही वस्तूंत भरपूर परवडतं, काहींत अजिबात नाही. पैसे बहुतेक वेळा खालच्या चुकांमुळे जातात.

सांगितलेल्या भावावर हिशेब करणं

दुकानदारानं सांगितलेला भाव ही पहिली रक्कम असते. तिच्यात धुलाई, फिटिंग, रफू, चेन, अस्तर हे सगळं मिळवायचं. मी आता कपडा हातात घेतला की मनात आधी दुरुस्तीची बेरीज करते. फक्त चेनचा रनर गेला असेल तर काम थोडक्यात होतं, तेवढ्यासाठी चांगलं जॅकेट सोडू नका. पूर्ण चेन बदलायची असेल तर ती उसवून पुन्हा बसवावी लागते आणि मजुरी वाढते. पँटची कंबर आत घेणं सोपं. खांदे लहान करणं मात्र टेलरला विचारून पाहा, तो बाही काढण्यापासून सुरुवात करेल आणि तसेच पैसे सांगेल. खांद्यात बसत नसेल तर तो कपडा कितीही सुंदर असो, ठेवून द्या.

आणि तो अंगावर किती वेळा येणार, हेही मोजा. नागपुरात जाड कोट घालण्यासारखी थंडी डिसेंबर-जानेवारीतली, तीही बहुतेक पहाटे आणि रात्री. गाडीवरून ऑफिसला जाणाऱ्याला वारा अडवणारं साधं जॅकेट रोज कामी येतं. फुगीर, पिसांचं, बर्फाळ देशासाठी शिवलेलं जॅकेट चारशेत मिळालं तरी वर्षातून चार दिवसच बाहेर निघतं.

स्वस्त नव्या कपड्याशी तुलना न करणं

पूर्वी जुन्या कपड्याची तुलना शोरूमच्या कपड्याशी व्हायची. आता झुडिओसारख्या दुकानात बहुतेक नवा माल ९९९ रुपयांच्या आत आहे. मग वापरलेला, रंग उतरायला लागलेला टी-शर्ट अडीचशेला घेण्यात काय फायदा? टी-शर्ट, लेगिंग, पायजमे, रोजचे कुर्ते यांच्यात जुन्या बाजाराची बाजी संपली आहे, असं माझं स्पष्ट मत आहे.

त्यात २२ सप्टेंबर २०२५ पासून जीएसटीचे दर बदलले. पूर्वी हजार रुपयांपर्यंतच्या तयार कपड्यावर ५ टक्के आणि त्यावर १२ टक्के कर होता. आता अडीच हजारांपर्यंत ५ टक्के आहे आणि त्यावरच्या कपड्यावर १८. म्हणजे हजार ते अडीच हजारांमधला नवा कपडा स्वस्त व्हायला जागा झाली आणि महागडा कोट, ब्लेझर आणखी महागला. जुना माल शोधायचा तर याच वरच्या गटात शोधा. नवा सहा-सात हजारांचा लोकरी ब्लेझर चांगल्या स्थितीत हजारात मिळाला तर दुरुस्ती धरूनही मोठा फायदा आहे.

तीन वेगळे माल एकच समजणं

फुटपाथवर, गाडीवर, छोट्या दुकानात तीन प्रकारचा माल शेजारी शेजारी टांगलेला असतो. एक वापरलेला. दुसरा एक्स्पोर्ट सरप्लस, म्हणजे कारखान्यात उरलेला किंवा किरकोळ दोषामुळे परत आलेला, न वापरलेला. तिसरी फर्स्ट कॉपी, म्हणजे नकली. "घेऊन टाका न ताई, कोरियाचा माल आहे, असा इथं भेटत नाही" हे वाक्य तिन्हींसाठी ऐकू येतं.

सरप्लसचं लेबल अनेकदा मधोमध कापलेलं असतं, पण कॉलरची घडी ताठ असते आणि आतल्या शिवणीला जास्तीचं बटण अजून तसंच असतं. वापरलेल्या कपड्यात कॉलरची आतली कड, कफ आणि कोपर पाहा, तिथं कापड चकाकतं किंवा पातळ होतं. नकली मालाची चेन आणि रिव्हेट हलके असतात आणि आतली शिलाई धागे लोंबत सोडलेली असते. सरप्लसला जास्त पैसे द्यायला हरकत नाही. नकलीला वापरलेल्याचाही भाव देऊ नका.

हिवाळ्यात लागणाऱ्या तिबेटी स्वेटर बाजारालाही काही जण जुना किंवा परदेशी माल समजतात. तिथला माल बहुतांशी लुधियानाचा आणि नवा असतो. तिथं घेताना नव्या कपड्यासारखीच पारख करा.

परदेशातून येणाऱ्या वापरलेल्या कपड्यांची आयात आपल्याकडे मोकळी नाही, त्यासाठी परवाना लागतो. अशा कपड्यांचे गठ्ठे मुख्यतः गुजरातमधल्या कांडल्याच्या विशेष आर्थिक क्षेत्रात येतात आणि तिथं माल निवडून वेगळा केला जातो. लोकरीचे फाटके कपडे पानिपतला जातात, तिथं ते पिंजून पुन्हा सूत काढतात आणि त्याच्या चादरी-ब्लँकेट होतात. फुटपाथवरच्या मालाला पक्कं बिल नसतं, म्हणून परत करण्याचा विषयही नसतो. जे पाहायचं ते पैसे देण्याआधी पाहा.

कापड न ओळखता उचलणं

सगळ्यात जास्त पैसा इथं वाया जातो आणि सगळ्यात जास्त वाचतोही इथंच. एम्प्रेस मिल ही कापडगिरणी १८७७ मध्ये ज्या नागपुरात सुरू झाली, जिथं गिरणीत काम केलेल्या आजोबांच्या गोष्टी घराघरांत आहेत, तिथं कापड बोटांनी ओळखण्याची सवय आपण सोडू नये असं मला मनापासून वाटतं.

पारा पंचेचाळीसच्या वर जाणाऱ्या गावात पॉलिएस्टरचा शर्ट उन्हाळ्याचे तीन महिने अंगावर ठेववत नाही. शिवाय घामातला तेलकट भाग पॉलिएस्टरला धरून बसतो, त्यामुळे जुन्या सिंथेटिक कपड्याचा वास धुऊनही पूर्ण जात नाही. इस्त्री फिरली की पुन्हा वर येतो. सुती आणि लिननच्या कपड्याचा वास बहुतेक वेळा धुण्यानं जातो.

लेबल असेल तर आधी ते वाचा. परदेशी लेबलवर "लाना" किंवा "वोले" लिहिलं असेल तर ती लोकर आहे, "बाउमवोले" असेल तर कापूस. पहिला शब्द इटालियन, बाकी दोन जर्मन. लेबल नसेल तर आतल्या शिवणीचा एखादा सुटा धागा मागून घ्या आणि बाजूला जाऊन काडीनं जाळून पाहा. कागद जळल्यासारखा वास आणि मऊ राख म्हणजे सुती. केस जळल्यासारखा वास आणि बोटांत चुरगळणारी राख म्हणजे लोकर किंवा रेशीम. वितळून कडक मणी झाला तर सिंथेटिक. मिश्र कापडात दोन्ही खुणा एकत्र दिसतात. धागा एकच घ्या, कपड्याजवळ जाळू नका, आणि दुकानदाराला विचारूनच करा.

मग कपडा उजेडाकडे धरा. कसर लागलेल्या लोकरीत टाचणीच्या डोक्याएवढी भोकं दिसतात. एखाद-दुसरं असेल तर रफू होतं. चार-पाच ठिकाणी असतील तर त्याच्यासोबत अळी घरी येऊ शकते आणि तुमच्या चांगल्या शालीही जातील. बगलेतला पिवळा, कडक झालेला डाग जवळजवळ कधीच निघत नाही. "धुतलं की जाईल" या शब्दावर तो घेऊ नका.

साइझचा आकडा खरा मानणं

कोरियन जॅकेटवर ९५, १००, १०५ असे आकडे असतात. ती छातीची सेंटिमीटरमधली मापं आहेत. बायकांच्या कपड्यांवर ५५, ६६, ७७ असेल तर ते ढोबळमानानं स्मॉल, मीडियम, लार्ज समजा. जपानी लार्ज आपल्याला मीडियमसारखा बसतो. ब्रिटिश १२ आणि अमेरिकन ८ जवळपास एकच. हे सगळं पाठ करण्यापेक्षा सोपं म्हणजे घरी तुम्हाला नेमका बसणारा शर्ट सपाट पसरून खांदा, छाती, बाही, उंची मोजा आणि मोबाइलमध्ये लिहून ठेवा. पर्समध्ये मोजपट्टी ठेवा. फुटपाथवर घालून पाहायला जागा नसते, मोजायला मात्र कुणी ना म्हणत नाही.

बूट, बॅग आणि ताणणारं कापड

माझ्या धाकट्या भावानं सातशे रुपयांत ट्रेकिंगचे बूट घेतले होते, दिसायला नवेकोरे. पचमढीला दुसऱ्याच दिवशी दोन्ही सोल निखळले आणि तो दोरी बांधून खाली उतरला. पीयूचे, म्हणजे पॉलियुरेथेन या प्लॅस्टिकचे सोल हवेतल्या ओलाव्यानं आतून कुजतात, आणि न वापरता ठेवलेल्या बुटांतही ते होतं. घेताना बूट वाकवा, सोलच्या कडेला नख दाबा. चिरा दिसल्या किंवा भुगा निघाला तर सोडून द्या. जिभेच्या आतल्या लेबलवर तयार झाल्याची तारीख असेल तर ती पाहा. रेक्झिनच्या बॅगा आणि "लेदर" म्हणून विकलेल्या पीयूच्या जॅकेटांचंही तेच, काही वर्षांनी पापुद्रे सुटतात आणि त्यावर इलाज नाही. खरं चामडं मात्र जुनं घ्या, तेल-पॉलिशनं ते परत उभं राहतं.

ताणणाऱ्या जीन्सचा गुडघा ओढून सोडा. तो फुगलेलाच राहिला तर त्यातला इलॅस्टेन, म्हणजे ताण देणारा धागा, संपला आहे. आतले कपडे, पोहण्याचे कपडे आणि हेल्मेट जुने घेऊच नका.

आणलं आणि तसंच कपाटात ठेवलं

ही चूक मी सुरुवातीला केली होती आणि तिची किंमत अख्ख्या घरानं भोगली, महिनाभर खाज. खरजेचा किडा माणसाच्या अंगापासून दूर दोन-तीन दिवसांपेक्षा जास्त सहसा जगत नाही, म्हणून आणलेली पिशवी गच्च बांधून आठवडाभर गच्चीवर किंवा बाल्कनीत ठेवा. ढेकूण एवढ्यानं मरत नाहीत, ते उपाशी महिनोन्महिने राहतात. त्यांना उष्णता लागते. सुती कपडा साठ अंशांच्या गरम पाण्यात धुवा, मग शिवणींवरून कडक इस्त्री फिरवा. गरम पाणी न चालणारा कपडा पिशवीत बांधून चार दिवस डीप फ्रीजरमध्ये उणे १८ अंशांवर ठेवला तरी चालतो.

लोकर गरम पाण्यात घालू नका, ती आटून नमद्यासारखी होते आणि मग काहीच करता येत नाही. रिठ्याचं पाणी किंवा लोकरीचा सौम्य साबण, गार पाणी, पिळणं नाही, टॉवेलमध्ये गुंडाळून दाबायचं आणि सावलीत सपाट वाळवायचं. दोरीवर टांगलेला ओला स्वेटर गुडघ्यापर्यंत लांबतो. डांबरगोळ्यांचा वास धुऊन लगेच जात नाही, त्याला मोकळ्या हवेचे आठ-दहा दिवस द्या. पहिल्या धुण्यात गडद रंग वेगळा ठेवा, हे सांगायला नको.

मोबाइलवरून घेताना

इन्स्टावर जुने कपडे विकणारी पानं लॉकडाउनमध्ये फार वाढली. तिथं ८९९ ला दिसणारी जॅकेटं तशाच जातीची मी फुटपाथवर अडीचशेला पाहिली आहेत. त्यांनी धुऊन, इस्त्री करून, फोटो काढून दिलेल्या श्रमाचे पैसे घेणं गैर नाही. पण कुरिअर धरलं की बचत उरत नाही, आणि रिटर्न बहुतेकांकडे नसतो. "पहिला मेसेज करेल त्याला" या घाईत यूपीआय करू नका. सपाट ठेवून घेतलेली मापं, बगल आणि कॉलरचा दिवसाच्या उजेडातला फोटो मागा. द्यायला टाळाटाळ झाली तर तिथंच थांबा.

घरची साडी भांड्यावर देणं

ही चूक घेण्याची नाही, देण्याची आहे. पण तिच्याइतकं नुकसान दुसऱ्या कशात मी पाहिलं नाही. आमच्या आईनं आजीची टसरची करवती साडी दारावर आलेल्या भांडेवालीला एका स्टीलच्या डब्यावर दिली. करवतीच्या दातांसारखी किनार असलेली ही साडी विदर्भातल्या विणकरांची. भंडाऱ्याकडे ती अजून विणली जाते आणि तिला भौगोलिक मानांकन मिळालेलं आहे. हातमागावरची नवी करवती घ्यायला गेलात की तो डबा किती महाग पडला ते कळतं. आई आजही त्या डब्यात साखर ठेवते आणि कधी कधी तो पुसताना गप्प होते.

म्हणून जुन्या साड्या काढताना काठ आणि अंग वेगळं पाहा. काठाची जरी (जरतार) काळी पडली असेल तर ती चांदीची असू शकते. सराफाकडून तपासून घ्या, मगच ठरवा. आणि तुम्ही स्वतः जुनी रेशमी साडी विकत घेणार असाल तर ती पूर्ण उलगडायला लावा. रेशीम घडीवर तुटतं. घडीच्या रेषा उजेडात धरून दोन बोटांनी हलकेच ताणा. टरकायला लागली तर ती नेसायची राहिलेली नाही, मात्र काठ शाबूत असतील तर नव्या साध्या टसरवर लावता येतात. असे काठ मी दोनदा घेतले आहेत. त्यातले एक आता आईच्या साडीला आहेत.