मुंबईला दोन दिवस जाताय? सॅकला कुलूप घ्या
बेळगाव, खानापूर, निपाणीकडून मित्रांसोबत शनिवार-रविवार मुंबई गाठणार असाल, तर सॅकच्या झिपला बसेल असं छोटं कुलूप आधीच घेऊन ठेवा. रेल्वेच्या क्लोकरूममध्ये बॅग ठेवायची तर ती कुलूपबंद लागते. तिकीट आणि ओळखपत्रही हाताशी असू द्या. पाठ मोकळी झाली की फोर्ट, काळा घोडा, गेटवे हा सगळा पट्टा निवांत पायी बघता येतो, आणि तो पायीच बघावा. घारापुरी बेटावरची लेणी शनिवारीच उरका; लाँचने जायलाच तासभर लागतो, वर पायऱ्याही बऱ्याच आहेत. रविवारी बहुतेक वेळा लोकलचा मेगाब्लॉक असतो, म्हणजे रुळांच्या कामासाठी काही गाड्या बंद किंवा उशिरा असतात, म्हणून परतीच्या गाडीसाठी भरपूर आधी निघा. लोकलमध्ये सॅक न्यावीच लागली तर पुढे पोटावर घ्या, गर्दीत मागच्याला धक्के बसत नाहीत.