फोनमधली जागा रिकामी करताना या चुका टाळा

सोलापुरातले गड्ड्याचे, म्हणजे सिद्धेश्वर यात्रेचे दिवस. संमती कट्ट्यावर सिद्धेश्वरांच्या प्रतीकात्मक लग्नाच्या अक्षता पडायला दोन-तीन मिनिटं उरली होती, नंदीध्वजांच्या उंच काठ्या समोर उभ्या होत्या आणि माझ्या पुतण्याच्या फोनवर ‘स्टोरेज फुल’ असा मेसेज आला. पांढरी बाराबंदी घातलेल्या त्या गर्दीत उभ्या उभ्या तो गॅलरीत दिसेल ते उडवत सुटला. बरंच उडवलं, तरी कॅमेरा सुरू होईना. सोहळा गेला तो गेलाच, आणि घरी आल्यावर कळलं की आजीच्या वाढदिवसाचे व्हिडिओही त्यात गेलेत.

ते व्हिडिओ मला रात्री गॅलरीच्या ट्रॅशमध्ये सापडले, आणि कॅमेरा का सुरू होत नव्हता तेही तिथेच कळलं. आपण डिलीट केलेली फाइल लगेच जात नाही. बहुतेक फोनमध्ये ती ३० दिवस ट्रॅशमध्ये पडून असते आणि तेवढीच जागा अडवते. म्हणून डिलीट करूनही आकडा हलत नसेल तर आधी ट्रॅश उघडा. त्यातलं एकेक बघा, हवं ते परत घ्या, मगच ट्रॅश रिकामा करा. त्यानंतर मात्र परतीची वाट नसते.

दुसरी चूक याहून महागात पडते. माझ्या दाजींचं चादरी-टॉवेलचं दुकान आहे. डिझाइनचे फोटो, रंगांचे नमुने, ऑर्डरी, सगळं व्हॉट्सॲपवर चालतं. फोन भरला म्हणून त्यांनी सेटिंग्जमध्ये व्हॉट्सॲप उघडलं, तिथे ‘क्लिअर कॅश’ आणि ‘क्लिअर डेटा’ अशी दोन बटणं. अंगठा दुसऱ्यावर टेकणार तेवढ्यात मी हात धरला. कॅश म्हणजे ॲपने सोयीसाठी ठेवलेलं तात्पुरतं सामान, ते काढलं तरी काही बिघडत नाही. डेटा म्हणजे तुमचं खातं, चॅट, सगळंच. पैसे पाठवायच्या ॲपचा डेटा उडवला तर पुन्हा सिमवरून एसएमएस जाऊन नोंदणी करत बसावं लागतं.

“बॅकअप आहे की रे,” दाजी म्हणाले. बघितलं तर शेवटचा बॅकअप तीन महिन्यांपूर्वीचा! गुगलच्या खात्यावर फुकट मिळणारी जागा १५ जीबी, आणि त्यात जीमेल, ड्राइव्ह, फोटो सगळ्यांचा वाटा. २०२४ पासून अँड्रॉइडवरचा व्हॉट्सॲपचा बॅकअपही त्यातच मोजतात. दाजींचे १५ जीबी भरले होते, त्यामुळे बॅकअप बंद पडला होता. काहीही उडवण्याआधी व्हॉट्सॲपच्या ‘चॅट बॅकअप’मधली तारीख वाचा, एवढं मी हात जोडून सांगतो.

मग आम्ही काउंटरवरच बसलो. व्हॉट्सॲपमध्ये सेटिंग्ज, मग ‘स्टोरेज अँड डेटा’, मग ‘मॅनेज स्टोरेज’. इथे ५ एमबीपेक्षा मोठ्या फाइली वेगळ्या दिसतात, वारंवार फॉरवर्ड झालेल्या वेगळ्या, आणि खाली कुठल्या ग्रुपने किती जागा खाल्ली त्याची यादी. दाजींकडे सगळ्यात वर धंद्याचा ग्रुप असेल असं वाटलं होतं. निघाला पाहुण्यांचा ग्रुप, रोजच्या ‘शुभ सकाळ’च्या व्हिडिओंचा. तो आधी साफ केला. डिझाइनचे फोटो मात्र आधी ड्राइव्हवर टाकले. जुना फोटो फोनमधून गेला की व्हॉट्सॲपवरून तो पुन्हा उतरेलच असं नाही, पाठवणाऱ्याकडेच मागावा लागतो. शेवटी ‘मीडिया ऑटो-डाउनलोड’ बंद केलं, नाहीतर महिन्याभरात पुन्हा तेच.

आणखी एक लपलेली जागा सांगतो. अँड्रॉइडवर गॅलरीतला फोटो व्हॉट्सॲपवर पाठवला की त्याची दुसरी प्रत ‘सेंट’ नावाच्या फोल्डरमध्ये बसते. गॅलरीत ती सहसा दिसत नाही, फाइल मॅनेजरमधून बघावी लागते. दिवसाला पन्नास नमुने पाठवणाऱ्या दुकानदाराचं हे फोल्डर चांगलंच फुगलेलं असतं.

गुगल फोटोजबद्दलचा गैरसमज तर घरोघरी आहे. “फोटो गुगलवर गेलेत, आता फोनमधले काढते,” असं म्हणून आमच्या मावशीने त्याच ॲपमधून फोटो डिलीट केले. त्या ॲपमध्ये नेहमीचं डिलीट दाबलं की बॅकअप झालेला फोटो फोनमधूनही जातो आणि गुगलवरूनही. फक्त फोनमधली जागा मोकळी करायची असेल तर ‘फ्री अप स्पेस’ वापरा. ते बॅकअप झालेल्या फोटोंच्या फोनमधल्या प्रतीच काढतं. चुकून डिलीट झालंच तर बॅकअप झालेला फोटो ट्रॅशमध्ये ६० दिवस सापडतो, बॅकअप न झालेला ३० दिवस. मावशीला सगळे परत मिळाले, कारण तिने आठवड्याच्या आत सांगितलं.

‘क्लीनर’, ‘बूस्टर’ नावाची ॲप घेऊच नका. सगळ्या फाइली बघायची परवानगी मागतात आणि वर जाहिराती दाखवत बसतात. फोनच्या स्टोरेज सेटिंग्जमध्ये किंवा गुगलच्या फाइल्स ॲपमध्ये तेच काम नीट होतं. रोज कॅश साफ करण्यातही अर्थ नाही, ॲप उघडलं की ती परत भरते आणि नेट जास्त जातं.

राहिला कॅमेरा. फोर-के व्हिडिओ एका मिनिटाला साधारण ३५० एमबी खातो, १०८०पीचा (फुल एचडी) सुमारे १३० एमबी. फोनप्रमाणे हे कमीजास्त होतं, पण दहा मिनिटांचा फोर-के म्हणजे साडेतीन जीबीच्या घरात. फोनच्या पडद्यावर आणि व्हॉट्सॲपवर बघायला १०८० पुरेसा आहे. पुतण्याच्या कॅमेऱ्यात मी तीच सेटिंग करून दिली आहे, आणि पुढच्या गड्ड्याला भोगीच्या आदल्या रात्रीच दहा जीबी मोकळे करून ठेवायचं आमचं ठरलंय.