तीन शब्दांवरची काट: यहुदी धर्मविचाराच्या अभ्यासातले अनुभव

तत्त्वज्ञानात एम.ए. करताना मी तौलनिक धर्माभ्यासाचा पेपर घेतला होता आणि निबंधासाठी यहुदी धर्मातील ईश्वर व मनुष्य यांविषयीचा विचार निवडला होता. पहिला खर्डा परत आला तेव्हा मार्गदर्शक बाईंनी त्यातल्या तीन शब्दांवर काट मारलेली होती: ‘निर्गुण’, ‘षड्रिपू’ आणि ‘प्रायश्चित्त’. संदर्भ बरोबर होते, पण या प्रत्येक शब्दाबरोबर मी माझ्या घरातली कल्पना दुसऱ्याच्या घरात नेऊन ठेवली होती. त्या तीन शब्दांच्या जागी काय यायला हवे, हे शोधता शोधताच मी हा विषय शिकलो. म्हणून नव्याने अभ्यास सुरू करणाऱ्यांसाठी तीच वाट इथे सांगतो.

‘या धर्माची मुख्य श्रद्धातत्त्वे कोणती?’ हा आपला पहिला प्रश्न असतो आणि त्याला मध्ययुगीन यहुदी तत्त्वज्ञ मायमॉनिडीस (११३८–१२०४) यांची तेरा तत्त्वांची यादी आयती मिळते. ईश्वर आहे, तो एक आहे, त्याला देह नाही, मोशेला मिळालेली तोरा (मोशेचे पाच ग्रंथ) त्याच्याकडून आली, असा तिचा क्रम आहे. मात्र पुढे योसेफ अल्बो या यहुदी विचारवंतांनी मूलतत्त्वे तीनच मानली आणि यादी करावी की नाही यावरही वाद झाले. म्हणून यादी पाठ करण्यापेक्षा ‘शेमा’ या वचनापासून सुरुवात करावी, असे माझे मत आहे. ‘हे इस्राएल, ऐक, परमेश्वर आपला देव, परमेश्वर एक आहे’ हे अनुवादातील वचन सकाळ-संध्याकाळ म्हटले जाते आणि ते चर्मपत्रावर लिहून दाराच्या चौकटीवर मेझुझा नावाच्या छोट्या डबीत बसवलेले असते. आपल्या कोकणात शनिवारी घाणा बंद ठेवणारे बेने इस्राएल यहुदी, म्हणजे ‘शनिवार तेली’, हिब्रू प्रार्थना बहुतांशी विसरले होते, पण शेमा त्यांच्या तोंडी टिकून होता, असे त्यांच्या परंपरेत सांगितले जाते.

आता ‘निर्गुण’ या शब्दाकडे येतो. ईश्वर काय आहे हे सांगता येत नाही, काय नाही एवढेच सांगता येते, आणि त्याला दयाळू म्हणायचे ते त्याच्या कृती दयेच्या कृतींसारख्या दिसतात एवढ्याच अर्थाने, असे मायमॉनिडीस मांडतात; ते वाचताना मराठी वाचकाला ‘नेति नेति’ आठवल्याशिवाय राहत नाही. साम्य खरे आहे, पण ते तिथेच थांबते. हा ईश्वर जग निर्माण करतो, एका लोकसमूहाशी करार करतो, आज्ञा देतो आणि जाब विचारतो. मनुष्य त्याच्याशी एकरूप होत नाही, त्याच्यापुढे उभा राहतो. तसा उभा राहून तो वादही घालू शकतो. सदोम या पापी शहराचा नाश होणार हे कळल्यावर ‘सर्व जगाचा न्यायाधीश न्याय करणार नाही काय?’ असे यहुदींचा आद्य पूर्वज अब्राहाम विचारतो, आणि शहर वाचायला किती नीतिमान माणसे पुरेत यावर पन्नासांपासून दहांपर्यंत घासाघीस करत येतो. ईश्वर एक आहे याचा अर्थ न्यायाचे माप सर्वांना एकच आहे, हे मला तत्त्वज्ञानाच्या ग्रंथापेक्षा या प्रसंगातून अधिक नीट समजले.

‘षड्रिपू’ने मात्र मला सर्वांत जास्त काळ अडवले. तोरेतील ‘उत्पत्ती’ या पहिल्या ग्रंथाच्या पहिल्या अध्यायात मनुष्य ईश्वराच्या प्रतिमेत घडतो आणि दुसऱ्या अध्यायात मातीतून. तिथल्या ‘घडवले’ या हिब्रू क्रियापदात ‘योद’ हे अक्षर दोनदा आलेले पाहून तालमुदातील, म्हणजे यहुदी धर्मचर्चेच्या मोठ्या संग्रहातील, पंडितांनी अर्थ लावला की माणसात ‘येत्सेर’ म्हणजे ओढी दोन आहेत, एक चांगल्याकडे नेणारी आणि एक वाईटाकडे. वाईटाकडची ओढ म्हणजे येत्सेर हा-रा. तिला मी षड्रिपू म्हटले होते, कारण रिपू जिंकायचे असतात, निर्दाळायचे असतात, असे कानांवर पडत आलेले होते. पण मिद्राशात, म्हणजे धर्मवचनांवरच्या प्राचीन भाष्यांत, म्हटले आहे की ही ओढ नसती तर कोणी घर बांधले नसते, लग्न केले नसते, मुलेबाळे झाली नसती, व्यापार झाला नसता. तालमुदात एक गोष्टही आहे: पंडितांनी या ओढीला पकडून तीन दिवस कोंडून ठेवले, आणि तेव्हा साऱ्या इस्राएलच्या भूमीत ताजे अंडे शोधूनही सापडेना. तिला मारायचे नाही, जुंपायचे आहे. बैल उधळतो म्हणून कोणी शेती सोडत नाही, तसे.

याच ठिकाणी दुसरी चूक होते आणि ती ख्रिस्ती वाङ्मयातून येते. आदाम-हव्वेच्या आज्ञाभंगामुळे प्रत्येक मूल पापाचा वारसा घेऊनच जन्मते, ही कल्पना यहुदी परंपरेच्या मुख्य प्रवाहात नाही. उलट रोज सकाळच्या प्रार्थनेत ‘हे देवा, तू मला दिलेला आत्मा शुद्ध आहे’ असे म्हटले जाते. त्याच कारणाने आपल्या टिपणांतून ‘जुना करार’ हा ख्रिस्ती शब्द काढून ‘तनाख’ हे यहुदी धर्मग्रंथाचे नाव लिहावे, कारण ज्यांचा तो ग्रंथ आहे त्यांच्या लेखी तो जुना झालेला नाही. माणूस निवड करू शकतो, यावर मायमॉनिडीस ठाम आहेत: तसे नसेल तर आज्ञा देण्याला आणि न्याय करण्याला काही अर्थच उरत नाही.

निवड करता येते, म्हणजे चुकता येते आणि परतताही येते. ‘तेशुवा’ हा शब्द परतण्याच्या धातूपासून आला आहे. ‘प्रायश्चित्त’ म्हटले की आपल्या मनात विधी, दान, दंड येतात, म्हणून तो शब्द चालत नाही. तालमुदाचा पाया असलेली नियमसंहिता मिश्ना सांगते की ईश्वर आणि मनुष्य यांच्यातील अपराध योम किप्पूरच्या, म्हणजे क्षमायाचनेच्या उपवासाच्या, दिवशी क्षमा होतात, पण माणसामाणसांतील अपराध त्या माणसाची समजूत घातल्याशिवाय नाही. मायमॉनिडीस तर म्हणतात की तोच प्रसंग पुन्हा आला, तेच करण्याची ताकदही होती आणि तरी केले नाही, तेव्हा तेशुवा पूर्ण झाली. अलिबागकडच्या एका बेने इस्राएल आजोबांना मी विचारले, तेव्हा ते एवढेच म्हणाले, “उपास धरायच्या आधी कोणाकोणाच्या घरी जायचं राहिलंय, ते आम्ही बघतो.”

अभ्यासाच्या पद्धतीविषयी थोडे. तालमुद एकट्याने वाचू नये. परंपरेतही तो जोडीने, ‘हव्रुता’ने वाचला जातो, कारण दोन मते समोर आल्याशिवाय पान उलगडत नाही. सिनेगॉगमध्ये, म्हणजे यहुदी प्रार्थनास्थळात, जायचे तर आधी परवानगी घ्यावी आणि पुरुषांनी डोके झाकावे. शनिवारी गेलात तर वही-पेन आणि फोन बाहेर काढू नये, कारण शब्बाथला, म्हणजे शनिवारच्या विश्रांतीच्या दिवशी, लिहिणेही वर्ज्य असते. मी वही काढली होती, आणि शेजारच्या गृहस्थांनी हळूच माझ्या हातावर हात ठेवला. हिब्रू लिपी मात्र लवकर शिकावी. आठवड्याभराचे काम आहे, आणि दोन ‘योद’ आपल्या डोळ्यांनी पाहता येतात.

पहिला ग्रंथ कोणता वाचू, असे विचारणाऱ्याला मी चार अध्यायांचे योनाचे पुस्तक सुचवतो, जे योम किप्पूरच्या दुपारी सिनेगॉगमध्ये वाचले जाते. संदेष्टा योनाने इशारा दिल्यावर निनवे हे परक्यांचे शहर वाईट मार्गावरून परतते, ईश्वर योजलेला नाश टाळतो आणि याचाच योनाला राग येतो. मग त्याच्यावर सावली धरणारे एक रोपटे एका रात्रीत वाळते आणि तो हळहळतो. पुस्तक तिथेच, ईश्वराच्या प्रश्नावर थांबते: तू ज्यासाठी कष्ट घेतले नाहीस त्या रोपट्याची तुला कीव येते, तर उजवे-डावे न कळणारी एक लाख वीस हजारांहून अधिक माणसे आणि इतकी गुरेढोरे ज्या शहरात आहेत, त्या निनवेची मला कीव येऊ नये काय?